माझ्या चाकूत दादांचं नाणं

मला एक सिद्धान्त सुचला!

माझ्या वयाच्या माणसाला फार तर नवं दुखणं सुचतं. मला सिद्धान्त सुचला! आणि तोही जगातल्या कुठल्याच पुस्तकात नसलेला. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी जन्मभर ग्रंथपाल होतो आणि वाचकांशी बोलावं लागू नये म्हणून वाचनालयातली बहुतेक पुस्तकं मी स्वतःच वाचून काढली आहेत. (खात्रीनं म्हणजे, बऱ्यापैकी खात्रीनं. अगदी खालच्या फळीवरची पुस्तकं राहिली, कारण वाकवत नाही. नेमकं तिथंच असायचं!)

मी जुनी नाणी जमवतो आणि जुने घडीचे चाकूही जमवतो. दोन्ही एकदम कसं काय, असं लोक विचारतात. लाजरा माणूस बोलायला घाबरतो, म्हणून खिशात हात घालून उभा राहतो. आणि खिशात हात घातला की हाताला लागतं काय? एक नाणं किंवा एक चाकू. असं काहीतरी असावं.

आमच्याकडे नाणी जमवणारे मोजकेच आणि चाकू जमवणारे त्याहून मोजके. वाचनालयाची मागची खोली सभेसाठी मिळायची तर निदान खोली भरेल एवढी डोकी हवीत, असा नियम. तेवढी डोकी दोघांकडेही नव्हती. म्हणून दोघांनी नाइलाजानं एकत्र संसार मांडला आणि ‘नाणी व चाकू संग्राहक मंडळ’ निघालं. प्रेमाचा भाग त्यात नाही! नाणेवाल्यांचा धर्म असा, की जुन्या नाण्याला पुसायचं नाही, घासायचं नाही, तेलाचं बोट तर जन्मात लावायचं नाही. त्याच्यावरचा काळपटपणा हीच त्याची अब्रू. चाकूवाल्यांचा धर्म नेमका उलटा. पातं पुसा, तेल लावा, पात्यामागची कमान कुरकुरली की पुन्हा तेल लावा. चाकूवाल्यानं तेलकट बोटांनी एखादं नाणं उचललं, की पलीकडून असा चीत्कार येतो, जणू तान्ह्या बाळाला कुणी इस्त्रीवर बसवलं!

मी दोन्हीकडचा. म्हणजे दोघांच्याही दृष्टीनं फितूर. चहा येतो तेव्हा नाणेवाले मला चाकूवाल्यांत धरतात आणि चाकूवाले नाणेवाल्यांत.

तर सिद्धान्त. घडीचा चाकू उघडला की मुठीत पात्याची जागा रिकामी होते. एक लांबट फट. आजकालच्या चाकूत ही फट पात्यापुरतीच असते. पण माझ्याकडे शिंगाच्या मुठीचा एक म्हातारा चाकू आहे. माझ्यासारखाच, किंचित वाकलेला. त्याची फट पात्यापेक्षा चांगलीच रुंद! का? हा प्रश्न मला कित्येक महिने छळत होता. आणि एका सकाळी दात घासता घासता उत्तर मिळालं. पात्याशेजारी एक नाणं राहावं म्हणून! वाटसरूचं अडीअडचणीचं नाणं! चाकू मिटला की नाणं आत बंद. कुणी खिसा कापला तरी नाणं सुरक्षित! (खिसा कापला तर चाकूही जाईल, हे मला दुपारी सुचलं. ते भाषणात घ्यायचं नाही असं मी ठरवलं.)

हो, भाषणात! कारण मी हे चुकून टेलरकाकांना सांगितलं. टेलरकाका चाकूवाल्यांचे म्होरके. दुकान मुलाकडे दिल्यापासून त्यांना हाताला काम नाही, त्यामुळे तोंडावर सगळा ताण आहे. तासाभरात सगळ्या मंडळाला कळलं, की शनिवारच्या सभेत मी माझा सिद्धान्त मांडणार.

मी आणि भाषण! निवृत्तीच्या समारंभात मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी दोनच बोललो होतो.

पण खरं सांगू? आतून मला उकळ्या फुटत होत्या. जन्मभर मी दुसऱ्यांची मतं फळीवर लावली. हे माझं पहिलं मत होतं. ते शनिवारी उभं राहिलं पाहिजे, निदान माझ्याबरोबर पडता तरी कामा नये, एवढीच इच्छा होती.

त्यासाठी त्याच काळातलं नाणं हवं होतं. माझ्याकडची काही आरपार पडत, काही आत जातच नव्हती. नेमकं हवं तसं नाणं एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस म्हणजे दादा!

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, नाणेवाल्यांचे पुढारी आणि मंडळाचे अध्यक्ष. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. भाजीवाले अजूनही त्यांना पाहून पारडं सरळ करतात. लग्नात ते मला ‘जावईबापू’ म्हणाले, आणि अजूनही तसंच म्हणतात. पण अशा स्वरात, की मापात काहीतरी कमी भरलंय. त्यांच्यासमोर मी आजवर एकही वाक्य शेवटापर्यंत नेलेलं नाही. त्यांच्याकडचं ते चांदीचं नाणं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण लांबून, डबीत आणि क्षणभर. कुण्या विसरलेल्या राजाचं. दादा डबी उघडत, आम्ही ‘अहाहा’ म्हणत असू आणि डबी बंद होई.

“तू विचार ना,” मी बायकोला म्हटलं.

“मी का? सिद्धान्त तुमचा!”

“भाऊ तुझा.”

हिनं विचारलं. दादांनी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग डबी माझ्यापुढं धरली, पण सोडली नाही.

“कडेनं धरायचं.”

“हो.”

“पुसायचं नाही.”

“हो.”

“तेल लागता कामा नये.”

“हो.”

“सभेत कुणाच्या हातात द्यायचं नाही. चार हात लांबून दाखवायचं आणि माझ्या हातात परत. माझ्याच!”

“हो.”

“नुसतं ‘हो’ काय म्हणताय?”

“नाही,” मी म्हटलं.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी रंगीत तालीम घेतली. चाकू उघडला. नाणं कडेनं धरलं. फटीवर टेकवलं, आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं.

टच्च!

काय तो आवाज! काय ते बसणं! जणू शेकडो वर्षं ते दोघं एकमेकांची वाट पाहत होते! मी आनंदानं ओरडलो, म्हणजे माझ्या मानानं ओरडलो, “अगं, बसलं!”

ही स्वयंपाकघरातून आली. “बसलं ना? छान. आता काढा आणि टेबल मोकळं करा.”

मी काढायला गेलो. निघेना! हलवलं. आपटलं. उलटं धरून विनवणी केली. नाणं आत आडवं बसलेलं, चांदीची एक बारीक कड तेवढी दिसत होती. माझ्याकडे बघून हसल्यासारखी! चाकू मिटायचा म्हटलं तर मिटेना, कारण पात्याशेजारी राहायचं सोडून दादांचं नाणं पात्याच्याच जागी बसलेलं!

“तेल घाला की दोन थेंब,” ही म्हणाली.

“नाण्याला तेल चालत नाही!”

“मग चाकूला घाला.”

“नाणं चाकूतच आहे!”

“मग साबणाचं पाणी घाला.”

“चाकूला पाणी चालत नाही!”

“अहो, मग तुमच्या या दोन छंदांना चालतं तरी काय एकमेकांचं?” ही म्हणाली.

हिनं केसातली पिन दिली. पिन वाकली. सुई दिली. सुई मोडली. चिमटा आणला, तो फटीत शिरेना. शेवटी ही म्हणाली, “शेजारी जा. दंतवैद्यांकडे. त्यांना अडकलेलं काढायची सवय आहे.”

मला पटलं. शेजारच्या दंतवैद्यांचा दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत आहे. आता उघडा चाकू खिशात कसा ठेवणार? तो मी हातात घेतला. बाहेरच्या बाकावर गाल सुजलेला एक धिप्पाड गृहस्थ बसला होता, गालावर रुमाल धरून. बिचारा घाबरलेला दिसला. भित्र्या माणसाबद्दल मला फार कळवळा! मी त्याच्याकडे बघून हसलो. हातात उघडा चाकू, तोंडावर हसू! आणि धीर द्यावा म्हणून वर विचारलं, “काय, दाढ का? अहो, काही घाबरू नका, आता आपण दोघं आत जाऊ!”

गृहस्थ उठला. “थांबली!” म्हणाला.

“काय थांबली?”

“दाढ! एकदम थांबली! तुमचा हातगुण!” आणि धावला. रुमाल तिथंच.

दंतवैद्य बाहेर आले. मी सगळी हकीकत सांगितली. पेशंट गेल्याचं दुःख त्यांनी माझ्या चाकूवर काढलं. चाकू खुर्चीत ठेवला, खुर्ची मागं केली, दिवा खाली ओढला आणि छोटा आरसा घालून आत डोकावले.

“कधीपासून आहे?”

“सकाळपासून.”

“हं. फार खोल गेलंय.” त्यांनी आकडी घातली, ओढली, टकटक केली. नाणं आणखी आत सरकलं! मीच ‘आई गं’ म्हणालो. “दुखलं तर हात वर करायचा,” ते सवयीनं म्हणाले. मी हात वर केला.

“मूठ फोडावी लागेल,” दंतवैद्य म्हणाले.

“नको!”

“मग नाण्याला बारीकसं भोक पाडतो, त्यात आकडी घालून—”

“दादा!” मी किंचाळलो.

“ते कोण?”

“नाण्याचे मालक.”

दंतवैद्य दादांना ओळखत होते. त्यांनी हत्यारं खाली ठेवली. “असं करा. थंडीनं धातू आकसतो. घरी जा आणि बर्फात ठेवा. माझं नाव कुठं सांगू नका.”

हिनं चाकू फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. मी आरशासमोर भाषणाचा सराव केला. आरशातला माणूस माझ्याहून घाबरलेला होता, त्यामुळे मध्येच थांबलो. निघायची वेळ झाली, कप्पा उघडला, तर चाकू भिंतीला चिकटलेला! आमच्या फ्रिजमध्ये बर्फ असा साठतो, की ध्रुवावरचं अस्वल येऊन राहील. ही लाकडी उलथनं घेऊन भिडली. मी मागून हिला धरून ओढलं. कडाक्! चाकू निघाला. पण एकटा नाही. चाकूला बर्फाचा गोळा आणि बर्फाला मटारची पिशवी!

“वितळेल वाटेत,” ही म्हणाली आणि तिनं तो सगळा प्रकार पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला.

वितळायला लागला खरा. पण जुन्या चाकूच्या सांध्यात जुना गंज असतो. बसमध्ये चढलो तोवर टॉवेलच्या तळातून लालसर थेंब पडायला लागले. वर टॉवेलमधून पात्याचं टोक डोकावत होतं. मी एका बाईंना ‘जरा सरकता का’ असं विचारणार, तोच बाई सरकल्या. पार पुढच्या दारापर्यंत सरकल्या! त्यांच्या शेजारचाही सरकला. जन्मात पहिल्यांदा मला अख्खा बाक मिळाला. कंडक्टर तिकीट मागायला आला, टॉवेलकडे बघितलं, “तुमचं झालंय, काका,” म्हणाला आणि मागं वळला. झालं नव्हतं!

सभेची खोली खच्चून भरलेली. सिद्धान्त ऐकायला नव्हे, माझी फजिती बघायला. एका बाजूला नाणेवाले, एका बाजूला चाकूवाले, मध्ये टेबल आणि टेबलामागं दादा.

“जावईबापू. डबी?”

मी डबी दिली. दादांनी उघडली. रिकामी! दादांची एक भुवई वर गेली. तिला दुकानदार जेवढे घाबरायचे, तेवढाच मीही घाबरतो. मी ठरवलं होतं, पहिल्याच वाक्यात कबूल करायचं. ‘नाणं अडकलंय.’ दोनच तर शब्द! तेवढ्याची मला सवय होती. मी टॉवेल उघडला. पिशवी फुटून मटार टेबलभर पळाले. माझ्या घशातून आवाज निघाला तो असा, “हे... आत... बसलंय...”

“बसलंय!” टेलरकाका खुर्चीवर चढले. “अरे, बघा! काय माप! काय बेतलंय! अंगावर शिवल्यासारखं बसलंय! सिद्ध झालं!”

टाळ्या! नाणेवाले टाळ्या वाजवायला लागले, कारण नाणं त्यांचं. चाकूवाले वाजवायला लागले, कारण चाकू त्यांचा. मला वाटलं होतं की लोक हसतील. मला टाळ्या पडत होत्या! मी पुढं बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात टेलरकाकांनी आपला चाकू उघडला. “माझ्यातही फट आहे! द्या रे कुणीतरी एक नाणं!”

आणि मंडळाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं ते घडलं. नाणेवाल्यांनी आपणहून, राजीखुशीनं, नाणी चाकूवाल्यांच्या हातात दिली! “हे घालून बघा!” “ते नको, माझं जुनं आहे!” “हळू दाबा हो!” जो तो जोडीदार शोधायला लागला. वधूवर मेळावाच भरला!

“अहो, थांबा, ते पुन्हा—” मी म्हणालो.

“प्रश्न शेवटी!” कुणीतरी मला गप्प केलं. वक्ता मीच होतो!

टच्च. टच्च. टच्च टच्च. खोलीभर. प्रत्येक टच्चला टाळी.

दादा मात्र जागचे हलले नव्हते. “झालं ना सिद्ध?” ते म्हणाले. “आता माझं नाणं. माझ्या हातात.”

सगळे आपापले चाकू हातात धरून माझ्याकडे वळले. आता सुटका नव्हती.

“निघत नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“सकाळपासून निघत नाही. तेच सांगत होतो.”

मग एकेकानं आपापल्या हातातल्या चाकूकडे पाहिलं. एकानं हलवला. दुसऱ्यानं आपटला. आणि मग जो गदारोळ उठला! “माझं नाणं!” “ओढू नका, कमान तुटेल!” “तुटू दे तुमची कमान! मूठ फोडा!” “तुमच्या त्या टिकल्यांसाठी मूठ फोडू?” “टिकल्या? ह्या भाजी चिरायच्या पात्यांपायी आमच्या—” “भाजी? भाजी म्हणालात?” चाकूवाल्यानं मूठ धरलेली, नाणेवाल्यानं त्याचं मनगट, आणि दोघं ओढताहेत. खोलीभर म्हातारे, आणि प्रत्येक जोडीत एक उघडा चाकू! दादांनी माझा चाकू पकडला. मीही पकडला. सोडायचा कुणी हे ठरेना.

आणि दार उघडलं.

आमच्यानंतर ती खोली चित्रकलेच्या वर्गाची असते. दारात वर्गाच्या बाई उभ्या, मागं हातात कागद आणि कोळसा घेतलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी, बहुतेक आमच्याच वयाच्या. आम्ही सगळे गोठलो. मला वाटलं आता किंकाळी येणार, मग पोलीस येणार, मग वर्तमानपत्र.

“हलू नका!” बाई ओरडल्या.

आम्ही कशाला हलतोय?

“कुणीही हलू नका! असेच! हात तसाच वर! वा!” बाई आत आल्या. “आज फळांची टोपली काढायची होती, ती मी बसमध्ये विसरले. बायांनो, बसा. हे घ्या काढायला. वेळ आमची सुरू झालीय, तुम्ही आमच्या वेळेत आहात. हललात तर वाचनालयाकडे तक्रार!”

खोली जाईल या भीतीनं मंडळातला एकही माणूस हलला नाही. फळांच्या टोपलीच्या जागी आम्ही! कोळशाची खरखर सुरू झाली. माझं नाक खाजायला लागलं. दादांचं तोंड माझ्या कानापाशी होतं.

“जावईबापू,” ओठ न हलवता दादा पुटपुटले.

“हं.”

“उपकार झाले तुमचे.”

मला वाटलं, टोमणा आहे.

“पहिल्याच दिवशी ओळखलंत ना? ओळखणारच. एवढं वाचता तुम्ही. राजाचं तोंड उलट्या बाजूला आहे ते.”

मी त्या राजाचं चित्र पुस्तकांत कितीदा तरी पाहिलं होतं. राजा डावीकडे बघतो. आणि दादांचा राजा? डबी उघडायची, ‘अहाहा’ म्हणायचं, डबी बंद. सकाळी तर मी नुसती कडच बघत होतो!

“खोटं आहे?” मी पुटपुटलो.

“फसलो. बाजारात मिळतात म्हणे असली, पर्यटकांना विकायला. कळलं तोवर मंडळात दाखवून बसलो होतो. इतरांची खोटी नाणी हुडकून काढणारा मी! कसं सांगणार?” दादांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. वजनात कमी भरलेल्या माणसाचा आवाज होता तो. “तुम्ही मागितलंत, नाही म्हणालो असतो तर संशय आला असता. चार दिवस झोप नाही. म्हटलं, सभेत हातोहात फिरणार, भिंगं लागणार, संपलं सगळं. आणि तुम्ही काय केलंत! असं अडकवलंत, की नुसती कड दिसावी! मुद्दाम! वर निघत नाही म्हणून नाटक! माझी अब्रू राखलीत तुम्ही.”

मी काय सांगणार? माझ्याबद्दल एवढं चांगलं मत त्यांनी आजवर कधी व्यक्त केलं नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात हळूहळू दुसरंच काही उजाडत होतं. नाणं खोटं. म्हणजे जाडी खोटी. खरं नाणं बरंच पातळ असतं, हे मी वाचलेलं आहे. ते या फटीतून सरळ खाली पडलं असतं. मग बाकीच्यांची नाणी? कुठल्याही फटीत काहीही दाबलं की अडकतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं होतं. माझा सिद्धान्त, माझं जन्मातलं पहिलं मत, माझ्या हातात, दादांच्या नाण्याशेजारी मरून पडलं होतं.

तेवढ्यात टेलरकाका शिंकले.

साधी शिंक नव्हती. दाबून धरलेली शिंक! त्यांच्या हाताला असा झटका बसला, की चाकूतलं नाणं टणकन उडालं आणि एका बाईंच्या कागदावर जाऊन पडलं.

“निघालं!” टेलरकाका ओरडले. “झटका द्या रे! मनगटातून झटका द्या!”

मग काय! सगळ्यांनी झटके द्यायला सुरुवात केली. नाणी पावसासारखी पडायला लागली. बाया कागदांमागं लपल्या. “हललात!” चित्रकलेच्या बाई ओरडत होत्या, “सगळे हललात!” चाकू पटापट मिटले. नाणेवाले जमिनीवर रांगत आपापली नाणी उचलायला लागले आणि प्रत्येक नाण्याला भिंग लागलं, ओरखडा पडला की काय बघायला.

राहिलं फक्त आमचं. मीही दोन झटके दिले, अगदी हलके. टेलरकाका बाह्या सरसावत पुढं आले.

“आणा इकडं! असा हिसका देतो, की राजा स्वतः उठून बाहेर येईल! तयार राहा रे, भिंगं काढा! दादांचं नाणं आज जवळून बघू!”

सगळी भिंगं आमच्याकडे वळली. दादा पांढरेफटक पडले. त्यांनी चाकू सोडला आणि खाली बघायला लागले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेलरकाकांचा हात मुठीवर पडला.

“नाही!” कुणीतरी गरजलं.

तो मी होतो! जन्मभर ‘शांतता राखा’ अशा पाटीखाली बसलेला मी! खिडकीची काच थरथरली. मी स्वतःच दचकलो, पण आता थांबणं शक्य नव्हतं.

“हात लावायचा नाही! तुमची नाणी निघाली, का? कारण ती त्या चाकूंची नव्हती! हे निघत नाही, कारण हे त्याच्या मूळ जागी आहे! हा पुरावा आहे, पुरावा! ओढून काढलंत तर उरेल काय? एक चाकू आणि एक नाणं! तेवढं तर इथं प्रत्येकाच्या खिशात आहे!”

पूर्ण वाक्यं! एकामागून एक! आणि त्यातलं एकही खरं नव्हतं!

टेलरकाकांनी हात मागं घेतला. “खरंय हो,” ते हळूच म्हणाले.

दादांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग आवाज परत आला. मग सगळेच दादा परत आले! “मंडळी! अध्यक्ष या नात्यानं मी ठराव मांडतो. हा चाकू आणि हे माझं नाणं वेगळं करायचं नाही. काचेच्या पेटीत, कुलपात ठेवायचं. चार हात लांबून बघायचं. किल्ली माझ्याकडे. माझ्या नाण्यावरून सिद्ध झालेला म्हणून या शोधाला मंडळातर्फे योग्य ते नाव द्यावं...”

“दादांचा सिद्धान्त!” नाणेवाले ओरडले.

“दादांचा सिद्धान्त!” चाकूवाले ओरडले. दोघं एकाच गोष्टीवर एकमतानं ओरडल्याची ही पहिलीच खेप. हात वर झाले. माझाही झाला. माझं म्हणणं अख्ख्या सभेला पटलं होतं; न पटलेला असा त्या खोलीत एकटा मीच उरलो होतो!

घरी पोचलो तर ही दारातच. चेहरा फुललेला. दादांचा फोन माझ्याआधी पोचला होता.

“काय हो, दादानं मोठा शोध लावला म्हणे!”

“हो,” मी म्हटलं.

“बघा! नाणं अडकवलं तुम्ही, तर तुम्हाला नुसता घाम फुटला. आणि दादानं त्यातून सिद्धान्त काढला! याला म्हणतात डोकं.” मग जरा मऊ आवाजात, “वाईट नका वाटून घेऊ. दादा तुमचंही कौतुक करत होता.”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, चाकू छान धरता तुम्ही.”